'पँथालासा' : माइल्स डेव्हिस यांच्या विद्युत्-संगीताची पुनर्रचना

अमेरिकेतील थोर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या तीन जुन्या अल्बमच्या मूळ ध्वनिफिती हाती घेऊन बास गिटारवादक व निर्माते बिल लॅस्वेल यांनी सिद्ध केलेला सुमारे तासाभराचा अल्बम म्हणजे 'पँथालासा'. कोलंबिया कंपनीने तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. डेव्हिस यांचे निधन २८ सप्टेंबर १९९१ रोजी झाले होते, म्हणजे ज्यांच्या संगीताची ही पुनर्रचना आहे ते कलावंत ती ऐकायला हयात नव्हते. अल्बमच्या उपशीर्षकात १९६९ ते १९७४ हा कालखंड नमूद आहे. पँथालासा हे पँजिया या आदिखंडाला वेढणाऱ्या आदिमहासागराचे नाव. डेव्हिस यांनी १ फेब्रुवारी १९७५ रोजी जपानमधील ओसाका येथे एकाच दिवशी दोन मैफली केल्या. दुपारच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका 'अगार्ता' आणि संध्याकाळच्या मैफलीची 'पँजिया' या नावाने निघाली. त्या दुसऱ्या नावाशी या अल्बमच्या नावाचे नाते उघड आहे.

पुनर्मिश्रण, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले रिमिक्स, हा प्रकार आपल्याकडे बदनाम झाला. जुन्या हिंदी चित्रपटगीताला यांत्रिक ठेका जोडायचा, मधे चार ओळी नव्या घुसडायच्या आणि जुन्या चालीच्या लोकप्रियतेवर नवी कॅसेट खपवायची, असा अनुभव नव्वदच्या दशकानंतर आपण पुष्कळ घेतला. त्यामुळे जाणकार श्रोता हा शब्द कानावर पडताच सावध होतो. परंतु या कलाप्रकाराची मूळ परंपरा वेगळी आहे आणि तिच्यात निरनिराळ्या जाती आहेत. सर्वांत साधी जात म्हणजे नृत्यासाठी केलेला लांब पाठ. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांनी डिस्कोगीतांचे असे पाठ तयार केले आणि त्यांतूनच बारा इंची सिंगल तबकडी रूढ झाली. दुसरी जात जमेकाची. किंग्स्टनमधील किंग टबी यांनी रेगे गीतांतील गायन जवळपास काढून टाकले, ढोल आणि बास पुढे आणले, एखादा शब्द किंवा गिटारचा एखादा फटका प्रतिध्वनीत सोडून दिला. या शैलीला डब म्हणतात. टबी मुळात विद्युत्-उपकरणे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, पण मिश्रणयंत्र हे वाद्यासारखे वाजवता येते हे ज्यांनी सिद्ध केले त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तिसरी जात पुनर्रचनेची. तीत मूळ ध्वनिमुद्रणाचे सुटे पथ घेऊन नवी कृती उभारली जाते. 'पँथालासा' ही या तिसऱ्या जातीची कृती असून तिची रीत मात्र डबकडून आलेली आहे.

या अल्बमचे खरे महत्त्व समजण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणे कशी घडली हे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. १८ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबियाच्या स्टुडिओत डेव्हिस यांनी सात वादक बरोबर घेतले. वेन शॉर्टर सोप्रानो सॅक्सोफोनवर, हर्बी हॅनकॉक आणि चिक कोरिया इलेक्ट्रिक पियानोवर, जो झाविनुल इलेक्ट्रिक पियानो व ऑर्गनवर, डेव्ह हॉलंड बासवर, टोनी विल्यम्स ड्रम्सवर आणि जॉन मॅक्लॉफ्लिन गिटारवर. मॅक्लॉफ्लिन त्याच महिन्यात इंग्लंडहून न्यूयॉर्कला आलेले होते. 'इन अ सायलेंट वे' ही शीर्षकरचना झाविनुल यांची. त्यांच्या मूळ आराखड्यात स्वरसंघ पुष्कळ होते. डेव्हिस यांनी त्यांतले बहुतेक काढून टाकले आणि संपूर्ण धून एकाच स्थिर आधारस्वरावर ठेवली. आपल्या तंबोऱ्याच्या साथीची सवय असलेल्या कानाला हा निर्णय किती मूलगामी होता हे चटकन उमगते. जॅझसारख्या स्वरसंघांच्या प्रवासावर उभ्या असलेल्या संगीतात हा प्रवासच थांबवण्याचे धाडस त्यांनी केले.

यापुढचे काम निर्माते टिओ मॅसेरो यांचे. १९२५ मध्ये जन्मलेले मॅसेरो स्वतः सॅक्सोफोनवादक आणि ज्युलिअर्ड या विख्यात संगीतसंस्थेत शिकलेले रचनाकार. फितीवरच्या संगीताचे आद्य प्रवर्तक एडगार व्हारेझ यांच्याशी त्यांचा परिचय होता. त्या काळी संपादन म्हणजे पाव इंच रुंदीची चुंबकीय फीत पात्याने तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. मॅसेरो यांनी त्या दिवशीच्या वादनातून मोजके भाग निवडले आणि दोन बाजूंचा अल्बम सिद्ध केला. पहिल्या बाजूवरील 'शऽ / पीसफुल' या सुमारे अठरा मिनिटांच्या रचनेतील आरंभीची सहा मिनिटे शेवटी जशीच्या तशी पुन्हा येतात. दुसऱ्या बाजूवर शीर्षकरचनेची चार मिनिटे आरंभी आहेत, मधे 'इट्स अबाउट दॅट टाइम', आणि शेवटी तीच चार मिनिटे पुन्हा. वादकांनी ती दोनदा वाजवलेली नाहीत. एकाच वादनाची प्रत दोन ठिकाणी जोडलेली आहे. दोन्ही ठिकाणचा भाग लागोपाठ ऐकल्यास गिटारचा प्रत्येक स्वर, त्याचे प्रत्येक किंचित कंपन तंतोतंत सारखे असल्याचे कोणालाही पडताळून पाहता येईल. आज अभिजात मानला जाणारा, जुलै १९६९ मध्ये प्रकाशित झालेला हा अल्बम, अशा रीतीने, मुळातच कापून-जोडून घडवलेला आहे. स्टुडिओत एका बैठकीत झालेल्या वादनाचा तो सरळ आलेख नाही.

पुढील अल्बममध्ये ही पद्धत अधिक धाडसी झाली. 'ऑन द कॉर्नर' ची ध्वनिमुद्रणे जून आणि जुलै १९७२ मध्ये झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अल्बम निघाला, आणि तत्कालीन जॅझ-समीक्षकांनी त्यावर कठोर टीका केली. मूळ वेष्टनावर वादकांची नावेसुद्धा नव्हती. कॉर्की मॅकॉय यांची रस्त्यावरच्या माणसांची व्यंगचित्रे तेवढी होती. मायकेल हेंडरसन यांच्या बासचा एकच तुकडा न बदलता फिरत राहतो आणि त्यावर टाळ्या, घंटा, ढोल, वा-वा पेडलमधून आलेला ट्रम्पेट असे थर चढत जातात. इंग्रज चेलोवादक पॉल बकमास्टर यांच्यामार्फत कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांच्या विचारांचा परिणामही या काळात डेव्हिस यांच्यावर झाला.

या अल्बममध्ये तबला आहे, सतार आहे, आणि ती शोभेपुरती नाहीत. तबलावादक बादल रॉय हे पूर्व बंगालमधील कोमिल्ला येथले. उच्च शिक्षणासाठी ते १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कला आले, तेथील भारतीय उपाहारगृहांत तबला वाजवू लागले आणि मॅक्लॉफ्लिन यांच्यामार्फत डेव्हिस यांच्यापर्यंत पोचले. 'ऑन द कॉर्नर' च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी डेव्हिस यांनी आरंभ त्यांनाच करायला सांगितला आणि त्यांच्या ठेक्यावर बाकीचे वादक चढत गेले, अशी आठवण रॉय यांनी पुढे सांगितली आहे. सतारीवर कॉलिन वॉलकॉट आणि खलील बालकृष्ण होते. वॉलकॉट हे पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांचे शिष्य. 'ब्लॅक सॅटिन' या रचनेच्या आरंभी आणि अखेरीस तबला व सतार यांचा एक गूढ, अधांतरी तुकडा येतो आणि मधला टाळ्यांचा भाग त्या दोहोंमध्ये बसवलेला आहे. येथेही जोडकाम मॅसेरो यांचेच.

तिसरा स्रोत १९७४ चा दुहेरी अल्बम 'गेट अप विथ इट'. त्यातील 'रेटेड एक्स' ची मूळ सामग्री ६ सप्टेंबर १९७२ रोजी मुद्रित झाली. या रचनेत डेव्हिस ट्रम्पेट वाजवतच नाहीत. ते ऑर्गनवर आहेत आणि कर्कश स्वरपुंज दाबून धरतात. त्याखाली ड्रम्स, बास, गिटार आणि तबला यांचा वेगवान ठेका चालतो, अचानक तोडल्यासारखा थांबतो, ऑर्गन एकटा उरतो, आणि क्षणात ठेका परत कोसळतो. वादकांनी येथे विश्रांती घेतलेली नाही. मिश्रणयंत्रावर त्यांचे पथ एकदम बंद केले आणि एकदम उघडले गेले आहेत. जमेकातील डबकार त्याच वर्षांत जे करत होते, तेच न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्रपणे घडत होते. याच अल्बममधील 'ही लव्हड हिम मॅडली' ही बत्तीस मिनिटांची रचना २४ मे १९७४ रोजी निधन पावलेल्या ड्यूक एलिंग्टन यांना वाहिलेली आहे. तीन गिटार, ऑर्गन आणि डेव्ह लीबमन यांची आल्टो बासरी यांतून ती इतक्या संथपणे उलगडते की ठेका स्थिर होईपर्यंत बराच काळ निघून जातो. वातावरणसंगीताचे म्हणजे अँबियंट संगीताचे प्रवर्तक ब्रायन ईनो यांनी 'ऑन लँड' या १९८२ च्या अल्बमच्या टिपणात या रचनेतील अवकाशाचे ऋण स्पष्टपणे मान्य केले आहे.

आता बिल लॅस्वेल यांच्याविषयी. १९५५ मध्ये इलिनॉय राज्यात जन्मलेले लॅस्वेल 'मटीरिअल' या गटामुळे प्रथम पुढे आले. १९८३ मध्ये त्यांनी हर्बी हॅनकॉक यांच्या 'फ्यूचर शॉक' या अल्बमची निर्मिती केली. त्यातील 'रॉकिट' या रचनेने तबकडी घासून काढलेला स्क्रॅचचा ध्वनी घरोघरी पोचवला. १९९७ मध्ये त्यांनी बॉब मार्ले यांच्या गीतांतून गायन बहुतांशी वगळून 'ड्रीम्स ऑफ फ्रीडम' हा डब अल्बम केला. डेव्हिस यांच्या फिती त्यांच्या हाती आल्या तेव्हा या कामाची पूर्वतयारी अशी झालेली होती.

'पँथालासा' चार दीर्घ खंडांत विभागलेला आहे. पहिल्यात 'इन अ सायलेंट वे' मधील सामग्री, दुसऱ्यात 'ब्लॅक सॅटिन' सह 'व्हॉट इफ' आणि 'अगार्ता प्रिल्यूड डब' हे तोवर अप्रकाशित असलेले भाग, तिसऱ्यात 'रेटेड एक्स' आणि 'बिली प्रेस्टन', चौथ्यात 'ही लव्हड हिम मॅडली'. डेव्हिस यांचा याच कालखंडातील अत्यंत प्रसिद्ध अल्बम 'बिचेस ब्रू' यात घेतलेला नाही. खंडांच्या आत रचनांमध्ये विराम नाहीत. एक रचना विरत असताना दुसरी तिच्याखालून वर येते.

लॅस्वेल यांचा कच्चा माल म्हणजे बहुपथी ध्वनिमुद्रण, मल्टिट्रॅक. त्यात प्रत्येक वाद्य किंवा वाद्यसमूह फितीच्या वेगळ्या पथावर असतो. त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांनंतरही ट्रम्पेट बाजूला ठेवून बास तेवढा ऐकता येतो, तबला वर उचलता येतो, मूळ अल्बममध्ये गाळलेले वादन परत आणता येते. त्यांचा पहिला निर्णय खर्जाविषयी होता. १९७२ च्या तबकड्यांवर बास पुष्कळसा दबलेला होता, कारण विनाइलच्या चरीत खोल खर्ज फार भरता येत नसे. 'पँथालासा' मध्ये हेंडरसन यांचा बास जमिनीसारखा पसरतो आणि सगळे वादन त्यावर उभे राहते. दुसरा निर्णय अंतराचा. मूळ 'ऑन द कॉर्नर' मध्ये सगळी वाद्ये एकाच गर्दीत, खेटून आहेत. लॅस्वेल ती एकमेकांपासून दूर नेतात, काहींना दाट प्रतिध्वनी देतात, काही कोरडी ठेवतात. त्यामुळे बादल रॉय यांची बोटे, डग्ग्याची घुमारी, सतारीच्या तरफांचा झणत्कार हे तपशील प्रथमच स्वच्छ कानी येतात. भारतीय श्रोत्यासाठी माझ्या मते हा दुसरा खंडच या अल्बमचे हृदय आहे. बादल रॉय यांचे वादन मैफलीच्या शिस्तीतले नाही, त्यात कायदे-रेले नाहीत. पण आवर्तनाची जाणीव सतत जागी आहे, आणि अमेरिकन ढोलवादकांच्या रेट्याखाली ती हरवत नाही.

पहिला खंड सर्वांत संयमी आहे. मॅसेरो यांनी दोन बाजूंवर वाटलेली सामग्री येथे एका ओघात येते आणि शीर्षकधून दोन्ही टोकांना राहते. म्हणजे मॅसेरो यांची कमानीची रचना लॅस्वेल यांनी मोडलेली नाही, ती मोठी केली आहे. तिसऱ्या खंडात 'रेटेड एक्स' मधील तोडफोड अधिक रुंद अवकाशात होते. चौथ्या खंडाबद्दल मात्र माझे मत पूर्ण अनुकूल नाही. बत्तीस मिनिटांची रचना साडेतेरा मिनिटांच्या आसपास आणल्यावर तिचा ध्वनी अधिक सुंदर झाला आहे, पण शोकाला लागणारा वेळ तिच्यातून गेला. मूळ रचनेत प्रतीक्षा हाच आशय होता. ती प्रतीक्षा येथे प्रस्तावनेपुरती उरते.

या कामाबद्दल आक्षेप घेतले जातात आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. दिवंगत कलावंताची संमती घेता येत नाही, आणि कंपनीला जुना संग्रह नव्याने विकण्यात रस असतो, हे खरे आहे. परंतु 'मूळ कृतीत ढवळाढवळ' हा आक्षेप येथे टिकत नाही. डेव्हिस यांनी मॅसेरो यांना संपादनाची मोठी मोकळीक दिली होती. स्टुडिओतले वादन हे त्यांच्या दृष्टीने साहित्य होते आणि अल्बम हा त्या साहित्यातून घडलेला एक निर्णय होता. कोलंबियाने पुढे २००१ मध्ये 'इन अ सायलेंट वे' च्या आणि २००७ मध्ये 'ऑन द कॉर्नर' च्या ध्वनिमुद्रणसत्रांचे संपूर्ण संच प्रसिद्ध केले. ते ऐकले म्हणजे प्रत्येक दिवशी किती साहित्य जमा होत होते आणि त्यातून किती अल्बम निघू शकले असते, हे प्रत्यक्ष ध्यानात येते. लॅस्वेल यांनी त्यांपैकी एक शक्यता सिद्ध केली. मूळ तीनही अल्बम आजही जसेच्या तसे उपलब्ध आहेत, त्यांना काही बाधा पोचलेली नाही.

१९९९ मध्ये 'पँथालासा : द रिमिक्सेस' हा दुसरा अल्बम निघाला. त्यात फिलाडेल्फियाचे किंग ब्रिट, पॅरिसचे डीजे कॅम, इंग्लंडचे डॉक स्कॉट, जपानचे डीजे क्रश आदींनी हीच सामग्री नृत्यगृहाच्या ठेक्यांवर बसवली. 'रेटेड एक्स' चा वेग आणि नव्वदच्या दशकातील ड्रम-अँड-बास यांचे साम्य डॉक स्कॉट यांच्या पाठात विशेष जाणवते. तरी एकूण संग्रह पहिल्यापेक्षा उणा आहे. यंत्राचा ठेका न हलता चालतो, आणि डेव्हिस यांच्या वादकांनी आवर्तनाच्या आत घेतलेली पुढे-मागे होण्याची मोकळीक त्यात बुजून जाते.

या मार्गाने इतरही गेले. नॉर्वेचे ट्रम्पेटवादक निल्स पेटर मोलव्हेर यांनी १९९७ मध्ये म्युनिकच्या ईसीएम कंपनीसाठी 'खमेर' हा विद्युत्-ठेक्यांवर आधारलेला जॅझ अल्बम केला. त्यांच्या २००० च्या 'सॉलिड ईथर' ची पुनर्मिश्रणे २००१ मध्ये 'रिकलर्ड' या नावाने निघाली. अमेरिकन हिप-हॉप निर्माते मॅडलिब यांनी २००३ मध्ये ब्लू नोट कंपनीच्या संग्रहातून 'शेड्स ऑफ ब्लू' घडवला. २०११ मध्ये रिकार्दो व्हिलालोबोस आणि मॅक्स लोडरबाउअर यांनी ईसीएमच्या ध्वनिमुद्रणांतून 'री : ईसीएम' हा दुहेरी अल्बम रचला, ज्यात मूळ रचना ओळखणेही कठीण जाते.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. लॅस्वेल यांनी २००० मध्ये 'तबला बीट सायन्स' या गटाचा 'ताल मॅट्रिक्स' हा अल्बम केला. त्यात माहीमला वाढलेले उस्ताद झाकिर हुसेन आहेत आणि मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू आहेत. त्रिलोक हे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई मूळच्या बेळगावच्या. 'ऑन द कॉर्नर' मध्ये सतार वाजवणारे कॉलिन वॉलकॉट हे 'ओरेगॉन' या गटाचे संस्थापक-सदस्य होते. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीतील रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले आणि गटातील त्यांची जागा पुढे त्रिलोक गुर्टू यांनी घेतली. 'इन अ सायलेंट वे' चे गिटारवादक मॅक्लॉफ्लिन यांनी झाकिरजींसह 'शक्ती' हा गट स्थापला. अनेक वर्षांनी त्याच गटाच्या 'धिस मोमेंट' या अल्बमला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि त्यातील गायन शंकर महादेवन यांचे आहे. बादल रॉय यांचे निधन जानेवारी २०२२ मध्ये झाले, झाकिरजींचे डिसेंबर २०२४ मध्ये.

हा अल्बम ऐकू इच्छिणाऱ्या वाचकाने आरंभ 'पँथालासा' पासून करू नये. प्रथम १९६९ चा 'इन अ सायलेंट वे' पूर्ण ऐकावा, दुसऱ्या बाजूवरील पुनरावृत्ती कानाने पडताळावी, मग 'ब्लॅक सॅटिन' आणि 'रेटेड एक्स' या दोन रचना ऐकाव्यात, आणि त्यानंतरच लॅस्वेल यांच्याकडे वळावे. मोबाइलच्या लहान ध्वनिवर्धकावर हेंडरसन यांचा बास ऐकूच येत नाही. त्यासाठी चांगले हेडफोन किंवा मोठे स्पीकर अवश्य वापरावेत.